बालरुग्ण विभागातील सिस्टर: त्यांनी नेमके काय केले, ते लिहा

१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. आपल्या देशात १९७३ साली सुरू झालेले राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कारही राष्ट्रपतींच्या हस्ते दिले जातात. ते योग्यच आहे. परंतु ज्या घरातले लेकरू रुग्णालयात राहून आले, त्या घरात डॉक्टरांचे नाव वर्षानुवर्षे घेतले जाते आणि सिस्टर मात्र ‘त्या रात्रपाळीच्या’, ‘त्या चष्मेवाल्या’ एवढ्याच खुणेने आठवतात, ही गोष्ट मला फार दिवसांपासून सलते आहे. म्हणून हा धागा.

एकच विनंती आहे. ‘देवासारख्या धावून आल्या’ हे खरे असले तरी तेवढ्यावर थांबू नका. त्या काय म्हणाल्या, त्यांनी हात कसा धरला, कोणती गोष्ट मुद्दाम टाळली, हे तपशिलाने लिहा. मुलांची शुश्रूषा हे शिकून आणि सरावाने येणारे कौशल्य आहे, आणि ते ओळखायचे तर तपशीलच लागतात. रुग्णांची आणि सिस्टरांची नावे लिहू नयेत.

एक आई, सातारा जिल्हा

माझा मुलगा एकतिसाव्या आठवड्यात जन्मला. वजन १,२५० ग्रॅम. त्याला नवजात शिशूंच्या विशेष कक्षात काचेच्या पेटीत ठेवले होते, आणि मी बाहेरच्या बाकावर बसून होते, कारण आत जायचे मला धाडसच होत नव्हते. सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “हात कोपरापर्यंत धुवा, बांगड्या काढून ठेवा आणि आत या.” माझ्या हातात हिरवा चुडा होता. सासूबाईंना तो उतरवणे अशुभ वाटले आणि त्या तसे स्पष्ट बोलल्या. सिस्टरांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्या सासूबाईंच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “आजी, बांगड्यांच्या मध्ये जंतू राहतात आणि एवढ्याशा बाळाला ते सोसत नाहीत. चुडा तुमच्या पदरात बांधून ठेवा. बाळ घरी निघेल त्या दिवशी तुम्हीच सुनेला भरा.” सासूबाईंनी स्वतःच्या हाताने माझ्या बांगड्या उतरवल्या.

आत गेल्यावर मी बाळाच्या पाठीवरून बोट फिरवू लागले, तर सिस्टरांनी माझा हात हलकेच थांबवला आणि एक तळवा त्याच्या डोक्यावर व दुसरा त्याच्या दुमडलेल्या पायांशी, न हलवता, ठेवायला लावला. बाळाची वळवळ थांबली. पहिल्या दिवशी माझे दूध जेमतेम काही थेंब निघाले. मला रडू आले, पण सिस्टरांनी ते थेंब सिरिंजमध्ये ओढून घेतले आणि बाळाच्या कागदावर वेळ घालून लिहिले: आईचे दूध, २ मिली. सलाईन आणि औषधे ज्या कागदावर लिहिली होती, त्याच कागदावर. आपल्याकडूनही बाळाला काही मिळते आहे हे मला त्या नोंदीने कळले, आणि त्यानंतर मी बाहेरच्या बाकावर बसले नाही.

पुढे बाळ स्थिरावल्यावर त्यांनी कांगारू पद्धत शिकवली. बाळाला फक्त टोपडे, मोजे आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर उभे ठेवायचे, मान एका बाजूला वळवायची, पाय बेडकासारखे दुमडायचे आणि वरून कापडाने बांधून घ्यायचे. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात, पेट्या अपुऱ्या पडत असताना सुरू झाली, हेही त्यांनीच सांगितले. मी थकले की त्या माझ्या पतीला खुर्चीत बसवून बाळ त्यांच्या छातीवर देत. आमच्या घरात बाळंतिणीच्या खोलीत पुरुष फिरकत नाहीत, आणि माझे पती त्या खुर्चीत तासन्‌तास न हलता बसत असत. चौतीस आठवड्यांच्या सुमारास ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बसेपर्यंत दूध आधी नळीने आणि मग बोंडल्यासारख्या चोचीच्या भांड्याने पाजले. ते भांडे किती तिरके धरायचे, हे त्या माझ्या मनगटाला धरून दाखवत.

एक आजोबा, रत्नागिरी जिल्हा

थोडक्यात लिहितो. नातू आठ महिन्यांचा असताना त्याला खोकला आणि ताप आला. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टरांनी त्याचे झबले वर केले, आम्हा सगळ्यांना गप्प बसवले आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिटभर त्याचे श्वास मोजले. नंतर त्यांनी मला जवळ बोलावून बाळाच्या बरगड्यांखालचा भाग श्वासागणिक आत कसा ओढला जातो ते दाखवले. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त असतील तर तो धोका समजायचा, हे मला त्या दिवशी कळले. त्यांनी डॉक्टरांना लगेच बोलावून गाडीची व्यवस्था केली आणि सोबतच्या चिठ्ठीत श्वासांचा आकडा व वेळ लिहिली. मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी ती चिठ्ठी वाचली आणि आम्हाला काहीही न विचारता बाळाला प्राणवायू लावला.

एक वडील, यवतमाळ जिल्हा

माझ्या मुलाला वयाच्या सहाव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला आणि आम्ही उपचारांसाठी मुंबईत परळच्या रुग्णालयात आलो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. मुलांच्या या प्रकारच्या कर्करोगाचे उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात. पहिले काही महिने फार कठीण असतात, कारण शिरेतून औषध, पाठीच्या कण्यातून औषध, पुन्हा पुन्हा रक्ततपासणी असे चक्र सुरूच राहते.

रुग्णालयातल्या एक सिस्टर मूळच्या केरळच्या होत्या. त्यांचे मराठी वॉर्डातल्या आयांशी बोलून शिकलेले होते, त्यामुळे त्यात सोलापूर, बीड, धुळे सगळीकडचे शब्द येत. त्यांचा एक नियम होता: मुलाशी खोटे बोलायचे नाही. मी माझ्या मुलाला सांगत असे की काही दुखणार नाही, बाळा. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, “बाबा, असे म्हणू नका. दुखणार आहे. आज तो तुमच्यावर विश्वास ठेवेल, उद्या ठेवणार नाही, आणि आपल्याला त्याच्याबरोबर खूप दिवस काढायचे आहेत.” त्या स्वतः त्याला म्हणत, “दुखेल. तू दहापर्यंत मोज, दहाच्या आत मी सुई लावते. कुठला हात देतोस?” हात निवडण्याचा हक्क त्याचा असे. दहाच्या आत शीर सापडली नाही तर त्या थांबत, त्याची परवानगी मागत आणि मगच पुन्हा प्रयत्न करत. पहिल्या महिन्यात ज्या मुलाला दोघांनी धरून ठेवावे लागे, तो पुढे स्वतः बाही वर करून बसू लागला.

मला आणखी एक गोष्ट नोंदवायची आहे. सुई टोचायची असली की त्या मुलाला खाटेवर कधीच टोचत नसत. पलीकडच्या खोलीत नेत. मला वाटे की हा उगाच खटाटोप आहे. कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “खाट त्याची आहे. तिथे त्याला झोप लागली पाहिजे.” केस गळाल्यावर तो आरशात पाहीना, तेव्हा त्यांनी त्याला काहीच समजावले नाही. त्या त्याला वॉर्डातल्या एका मोठ्या मुलाकडे घेऊन गेल्या, ज्याचे केस पुन्हा आलेले होते, आणि दोघांना पत्ते देऊन निघून गेल्या. आज माझा मुलगा दहावीत आहे.

निवृत्त परिसेविका, पुणे

मी सरकारी सेवेत आधी अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आणि नंतर परिसेविका (वॉर्डच्या प्रमुख सिस्टर) म्हणून बहुतेक काळ मुलांच्या विभागात काम केले. वरच्या अनुभवांमध्ये ज्या गोष्टींना माया म्हटले गेले आहे, त्यांच्यामागे कारणे आहेत, आणि ती सांगितली तर आमच्या कामाचा मान वाढेल असे मला वाटते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला बोटाने कुरवाळले तर त्याचा त्रास वाढतो, कारण त्याची मज्जासंस्था एवढे हलते स्पर्श पेलू शकत नाही. स्थिर तळव्यांचा आधार मात्र त्याला गर्भाशयाच्या भिंतीसारखा वाटतो. म्हणूनच आम्ही पेटीवर जाड कापड टाकून उजेड कमी करतो आणि लंगोट बदलणे, तापमान पाहणे, कूस बदलणे ही कामे एकत्र उरकून मधल्या काळात बाळाला झोपू देतो. टाचेतून रक्त घेण्याआधी बाळाच्या जिभेवर आईच्या दुधाचे किंवा साखरेच्या द्रावणाचे थेंब दिले तर वेदना कमी होतात, हे अभ्यासाने सिद्ध झालेले आहे. लहान मुलांचे औषध वजनावर ठरते. दशांशचिन्ह एक घर सरकले तर मात्रा दहापट होते, म्हणून जोखमीची औषधे दोन सिस्टर स्वतंत्रपणे मोजतात. त्या वेळी कोणी नातेवाईक बोलायला आले आणि आम्ही उत्तर दिले नाही, तर कृपा करून त्याला तुसडेपणा समजू नका.

शिवाय, मायेने वागायला वेळ लागतो. पूर्ण भरलेल्या वॉर्डात रात्री एकटी सिस्टर असेल तर तिला मुलाबरोबर दहा अंक मोजत थांबणे शक्य होत नाही, मग तिचा स्वभाव कितीही चांगला असो. चांगल्या सिस्टरांचे कौतुक करताना पुरेशा सिस्टरांची मागणीही झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

वय वर्षे सत्तावीस, कल्याण

येथे पालक लिहीत आहेत. मी त्या वेळचे मूल म्हणून लिहितो. मला थॅलेसेमिया, म्हणजे शरीरात पुरेसे रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार आहे आणि तान्हेपणापासून दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. ज्या डे-केअर केंद्रात मी वाढलो, तिथल्या सिस्टरांना माझ्या कोणत्या हाताची कोणती शीर थकली आहे हे पाठ होते. रक्त चढत असताना त्या माझा गृहपाठ तपासत आणि परीक्षेच्या दिवसांत माझी तारीख पुढे-मागे करून घेत. बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर मी सतत रक्त चढवल्याने शरीरात साठलेले लोह काढणारी औषधे चुकवू लागलो, तेव्हा घरचे सगळे रागावले. सिस्टरांनी आईला बाहेर बसवले आणि मला तपासणीचा कागद समोर ठेवून फेरिटिन (साठलेल्या लोहाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा) म्हणजे काय, लोह हृदयात साठले तर काय होते, हे एखाद्या मोठ्या माणसाला सांगावे तसे सांगितले. त्या दिवसापासून माझ्या गोळ्या मी स्वतः मोजून घेतो. मला मोठा होताना पाहणाऱ्यांमध्ये आईवडिलांनंतर त्यांचाच क्रम लागतो.

एक वडील

गावाचे नाव लिहीत नाही. आमचा मुलगा अतिदक्षता विभागात गेला. शेवटच्या दिवशी सिस्टरांनी आम्हाला साध्या शब्दांत सांगितले की आता श्वास मधूनमधून थांबेल, हात गार पडतील, आणि त्याला वेदना होऊ नयेत म्हणून औषध सुरू आहे. आम्ही दोघेही यंत्राच्या पडद्यावरचे आकडे पाहत होतो. त्यांनी डॉक्टरांना विचारून पडदा भिंतीकडे वळवला, आवाज बंद केला आणि म्हणाल्या, “तिकडे मी लक्ष ठेवते, तुम्ही त्याच्याकडे पाहा.” त्या एका वाक्यामुळे शेवटचा तास आम्ही आमच्या मुलाबरोबर घालवला. नंतर चिकटपट्ट्या काढताना त्यांनी प्रत्येक पट्टी पाण्याने भिजवली, आणि पूर्वीप्रमाणेच त्याला नावाने हाक मारून सांगत राहिल्या की आता हात उचलते, आता कूस बदलते. पत्नीला विचारून त्यांनी त्याला घरचा सदरा घालू दिला. त्यांची पाळी केव्हाच संपली होती.

एक आई, न्यू जर्सी

वरचे वाचल्यावर लिहावे की नाही असे वाटले, पण धाग्याच्या विषयाशी संबंध आहे म्हणून लिहिते. माझ्या मुलीला टाईप वन मधुमेह झाल्याचे कळले तेव्हा आम्हाला अमेरिकेत येऊन फार काळ झाला नव्हता. पिष्टमय पदार्थ मोजून इन्सुलिनची मात्रा ठरवायची असते आणि रुग्णालयाच्या पुस्तिकेत सगळे पाव, पास्ता आणि बर्गर. सिस्टरांनी मला घरून वाटी, पळी आणि पोळीचा डबा आणायला सांगितला. आम्ही दोघींनी वजनकाट्यावर आमच्या वाटीतला वरणभात आणि आमची पोळी मोजली आणि त्यांनी मुलीसाठी वेगळा तक्ता तयार केला. “हिचे जेवण बदलायचे नाही, आपला हिशेब बदलायचा,” असे त्या म्हणाल्या.

येथे डेझी पुरस्कार म्हणून एक पद्धत आहे. १९९९ साली पॅट्रिक बार्न्स नावाचे तरुण गृहस्थ प्रतिकारशक्तीशी निगडित आजाराने गेले आणि त्यांच्या कुटुंबाने, आजारपणात मिळालेल्या शुश्रूषेची कृतज्ञता म्हणून, परिचारिकांसाठी हा सन्मान सुरू केला. तो रुग्ण आणि नातेवाईक यांनी लिहिलेल्या अनुभवावर दिला जाऊ शकतो, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. मी त्या तक्त्याबद्दल लिहिले. आपल्याकडे साध्या कागदावर असे लिहून द्यायची सोय आहे का?

निवृत्त परिसेविका, पुणे

सोय आहे, फक्त कोणी वापरत नाही. सरकारी रुग्णालयात पत्र अधिसेविकांच्या (मेट्रनच्या) नावे लिहावे आणि त्याची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना किंवा वैद्यकीय महाविद्यालय असेल तर अधिष्ठात्यांना द्यावी. खाजगी रुग्णालयात नर्सिंग सुपरिटेंडेंट असतात. सिस्टरांचे नाव माहीत नसेल तर वॉर्ड, तारीख आणि पाळी लिहिली तरी ड्युटीच्या तक्त्यावरून नाव सापडते. पत्राची पोच घ्यावी आणि एक प्रत वॉर्डातल्या परिसेविकेकडे ठेवायला सांगावी, म्हणजे पाळी बदलताना ओव्हर देता-घेताना ते सगळ्यांसमोर वाचता येते. सातारच्या ताईंनी २ मिली दुधाच्या नोंदीबद्दल जे लिहिले आहे, ते तसेच्या तसे पत्रात उतरवले तरी पुरे आहे.