घरी गुणी, स्पर्धेत अडून बसणारा घोडा: सल्ला हवा आहे

मुरूममाती (सोलापूर)

नमस्कार. माझा घोडा नऊ वर्षांचा, कुमैत (तांबूस-तपकिरी) रंगाचा, खच्ची केलेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा आहे. पुण्यातल्या शर्यतींमधून बाजूला केल्यावर चार वर्षांपूर्वी तो आमच्याकडे आला. होटगीच्या बाजूला असलेल्या आमच्या शेतातल्या मुरमाड मैदानावर तो एक मीटरची उडी सहज घेतो, ओढ्याच्या पाण्यातून न बिचकता जातो, आणि घरचे कोणीही त्याच्यावर मांड टाकू शकते इतका तो समंजस आहे.

पुण्यातल्या इव्हेंटिंगच्या, म्हणजे ड्रेसाज, क्रॉसकंट्री आणि उड्या अशा तीन भागांच्या स्पर्धेत मात्र त्याचे वेगळेच रूप दिसते. ड्रेसाज, म्हणजे मैदानातल्या आखीव चालींची परीक्षा, तो मन लावून करतो. क्रॉसकंट्रीसाठी, म्हणजे मोकळ्या रानातल्या अडथळ्यांच्या दौडीसाठी, सरावाच्या मैदानातून बाहेर काढून स्टार्ट बॉक्सकडे, म्हणजे जिथून एकेक घोडा सुटतो त्या चौकटीकडे वळवले, की तो चारही पाय रोवतो, कान मागे टाकतो, आणि टाच लावली तर मागे सरकत पुढचे पाय उचलतो. मागच्या खेपेला कसाबसा सुटला, पण पहिल्याच ओंडक्यासमोर दोनदा थांबला. पहिल्या नकाराचे 20 आणि त्याच अडथळ्यावरच्या दुसऱ्याचे 40 दंडगुण पदरात पडल्यावर मी स्वतःच हात वर करून बाहेर आले. त्याच संध्याकाळी ट्रकमध्ये तो माझ्या हातातला गूळ इतक्या शांतपणे खात होता, की मला रडू आवरेना.

अधिक कडक बिट (तोंडातली लगामाची कडी) आणि स्पर (टाचेला लावायची धातूची आर) वापरा, नाहीतर घोडा विकून टाका, असे दोन सल्ले मला मिळाले आहेत, आणि दोन्ही मनाला पटत नाहीत. आपण माझ्या जागी असता तर सर्वांत आधी काय तपासले असते, हे कृपया सविस्तर सांगावे.

जुना_सवार

ताई, तुमच्या लिहिण्यातच निम्मे उत्तर आहे. घोडा उडीला भीत असता तर घरीही थांबला असता. तो अडतो ती जागा म्हणजे इतर घोड्यांना सोडून एकट्याने पुढे जाण्याची जागा. शर्यतीचा घोडा आयुष्यभर कळपात धावलेला असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना घोडे असतात. शिवाय तीन बाजूंनी बंद असलेली चौकट म्हणजे त्याच्या आठवणीत शर्यतीचे स्टार्टिंग गेट आहे: आत कोंडणे, आरडाओरडा, आणि एकदम सुटणे. तुम्ही त्याला तिथे नेता तेव्हा त्याच्या डोक्यात हे सगळे उसळते, आणि नेमक्या त्याच क्षणी टाच किंवा चाबूक बसला, तर त्या जागी दुखते हेही तो शिकतो. म्हणून स्पर नको, हे तुमचे मत मी पूर्णपणे उचलून धरतो.

शेतातच बांबूची तशी चौकट उभी करा, बांबूंना पांढरा रंग द्या. पहिले पंधरा दिवस तिथून एकदाही पळवू नका. आत न्या, उभे करा, तोबरा तिथेच चढवा, खरारा तिथेच करा, आणि दर वेळी चालतच बाहेर पडा. ही जागा त्याला विसाव्याची वाटू लागली, की दुसरा एखादा घोडा शेजारी उभा ठेवून आपण वीस पावले पुढे जाऊन परत यायचे. मग चाळीस, मग बांधापलीकडे.

तो अडला तर झगडू नका, पण तोंड फिरवून परतही जाऊ देऊ नका, कारण परत गेल्याने सुटका होते हे घोडा एका दिवसात शिकतो. तोंड पुढे ठेवून स्वस्थ उभे राहा. त्याने एक पाऊल जरी पुढे टाकले, तरी लगाम त्याच क्षणी सैल झाला पाहिजे. यात आपली मांड आणि आपला श्वास फार महत्त्वाचा असतो. शेवटचे दहा सेकंद मोजू लागताच आपल्या मांड्या आवळतात आणि ते त्याला खोगिरातून कळते.

एक हिशेबही मनाशी ठेवा. क्रॉसकंट्रीत ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर सेकंदाला 0.4 दंडगुण लागतो, म्हणजे एका नकाराच्या 20 गुणांत तब्बल 50 सेकंदांचा उशीर बसतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचे घोडेस्वार फवाद मिर्झा यांना क्रॉसकंट्रीत 11.20 दंडगुण पडले, ते सगळे वेळेचे, म्हणजे 28 सेकंदांचे होते, आणि तरीही ते वैयक्तिक अंतिम फेरीत पोहोचून 23व्या क्रमांकावर आले. तुम्ही पहिल्या तीन-चार स्पर्धांत घड्याळ घरी ठेवा आणि पहिल्या ओंडक्यापर्यंत दुडकीनेच जा.

पशुवैद्य_पंढरपूर

वरच्या सल्ल्याशी मी सहमत आहे, परंतु शिकवण सुरू करण्यापूर्वी दुखणे नाही याची खात्री करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. बाहेरच्या बाजूला वाढलेली दाढांची धार गालाला कापते, आणि ते लगाम ताणला गेल्यावरच जाणवते. खोगीर खांद्यामागच्या उंचवट्यावर टेकते का, हे घोडा घामेजलेला असताना पाहावे. खोगिराखालची कातडी सर्वत्र ओली असून एखादाच भाग कोरडा राहिला, तर तिथे दाब पडतो आहे असा संशय घ्यावा.

शर्यतीच्या घोड्यांत जठराचे व्रण फार आढळतात. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र झिरपत असते, आणि रिकाम्या पोटी धावताना ते वरच्या, संरक्षण नसलेल्या अस्तरावर उडते. स्पर्धेच्या सकाळी आपण प्रेमापोटी त्याला उपाशी ठेवतो, तीच चूक आहे. हरभरा किंवा इतर खुराक त्या वेळी नको, पण स्वार होण्यापूर्वी अर्धा तास दोन-तीन मुठी लसूणघास द्यावा. तो तंतुमय आहे आणि त्यातला कॅल्शियम आम्लाला काही प्रमाणात आवर घालतो. तंग आवळताना तो चावायला वळतो का, हे मला कळवा. निदानासाठी जवळजवळ तीन मीटर लांबीची दुर्बीण लागते. शिरवळच्या किंवा परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात चौकशी करावी. वेदनाशामक औषध मनाने देऊ नये, कारण अशा औषधांनीच व्रण वाढतात.

सोलापूर ते पुणे हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास आहे. डोके वर बांधून ठेवल्याने घोड्याला श्वासनलिकेतला कफ खाली सोडता येत नाही, म्हणून वाटेत थांबून त्याची मान मोकळी सोडावी आणि आदल्या दिवशीच पोहोचावे. परक्या ठिकाणचे पाणी घोडे टाळतात. घरी आठवडाभर पाण्यात थोडा गूळ विरघळवून द्या आणि तिथेही तेच द्या.

अकलूजकर_घोडी

आषाढात आमच्या गावी तुकोबांच्या पालखीचे गोल रिंगण होते, तेव्हा टाळमृदंगाच्या गजरात आणि हजारो माणसांच्या कडेने घोडे निर्धास्त धावताना आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. घोड्याला गर्दीची सवय लागते, पण ती एका दिवसात लागत नाही. आमची घोडी लाऊडस्पीकरला घाबरत असे. मी तिला घोडेबाजाराच्या दिवसांत सलग चार संध्याकाळी नुसते नेऊन उभे केले, स्वार झाले नाही, काही करायला लावले नाही. ताई, पुढच्या स्पर्धेला नाव न घालता नुसतेच घोड्याला घेऊन जा, आणि दिवसभर तिथे चारा खाऊ द्या.

मुरूममाती (सोलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. दीड महिन्यानंतर लिहिते आहे. डॉक्टरसाहेब, तंग आवळताना तो खरोखरच वळून पाहत असे, आणि मी ती त्याची खोड समजत होते. दाढा घासून घेतल्या, डाव्या गालात आतून बोटभर लांबीची जखम निघाली. जठराचे औषध शिरवळच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू आहे आणि खोगिराखाली तात्पुरती गादी घातली आहे.

बांबूची चौकट बांधाजवळ उभी आहे. पहिल्या आठवड्यात तो तिच्यात शिरताच घामाने निथळत असे. काल सकाळी आत उभा केला, तर मान खाली घालून त्याने तोंड चघळले, एक मागचा पाय सैल सोडला, आणि मी लगाम सोडल्यावर दुडकीही न करता चालत बाहेर पडला. मात्र सोबतीची घोडी बांधापलीकडे नजरेआड गेली की अजूनही खिंकाळतो आणि फिरू पाहतो. दादा, घोडी दिसेल इतक्याच अंतरावर आणखी काही दिवस थांबावे, की तिला थोडी थोडी दूर नेत राहावे?

जुना_सवार

तूर्त दिसेल इतक्याच अंतरावर राहा, आणि घोडीला न हलवता तुम्हीच त्याला घेऊन तिच्यापासून दूर जा व परत या. खिंकाळला तरी चालेल, पाय थांबू देऊ नका. सलग पाच दिवस तो न फिरता बांधापर्यंत गेला, की मग नजरेआड न्या. नाव न घालता स्पर्धेला जाण्याची तारीख ठरली की इथे कळवा, मी पुण्याला येईन आणि माझी म्हातारी घोडी शेजारी उभी ठेवीन.