मदत हवी आहे : बांधकामावरचे पावसाचे पाणी आणि मातीची धूप तपासायला सुपरवायझरांना कसे शिकवावे?

नमस्कार. मी कोल्हापुरात गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या एका छोट्या सल्लागार कार्यालयात स्थापत्य अभियंता आहे. साइटवरून वाहून जाणारे पाणी आणि माती यांची तपासणी कशी करायची, हे मृग निघायच्या आत आमच्या चौदा सुपरवायझरांना शिकवण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि तिथेच मी अडकलो आहे.

गेल्या वर्षी पाचगावच्या बाजूला चढावरच्या एका साइटवर आम्ही जवळपास तीन एकर जमीन एकदम उघडी केली होती. मे महिन्यातल्या एकाच वळवाने खोदाईच्या कडेला रचलेला मुरूम रस्त्यावर आणला, खालच्या गल्लीतले गटर तुंबले आणि दोन घरांच्या अंगणांत तांबडा चिखल साचला. तो खोऱ्याने भरून काढायला आम्हाला दोन दिवस लागले. त्याच सकाळी सुपरवायझरने तपासणीचा तक्ता भरला होता आणि 'गाळ अडवणारी जाळी बसवली आहे काय?' या प्रश्नापुढे 'होय' लिहिले होते. जाळी खरोखरच होती. मात्र तिची खालची कड चर खणून मातीत दाबलेली नव्हती, त्यामुळे पाणी सरळ तिच्या बुडातून निघून गेले. मुलाने खोटे लिहिले नव्हते. जाळीत पाहायचे काय, हेच त्याला कोणी सांगितले नव्हते.

आपल्याकडे 20,000 चौरस मीटरच्या पुढच्या बांधकामांना 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अटींचा अहवालही द्यावा लागतो. आमच्या बहुतेक साइट त्याहून लहान आहेत, त्यामुळे आमच्यावर दट्ट्या असा कोणाचाच नाही. म्हणून मी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा 2022 चा बांधकाम परवाना वाचून काढला. एक एकर किंवा त्याहून जास्त जमीन उघडी करणाऱ्या कामांना तो लागू होतो. तपासणी दर सात दिवसांनी करावी, किंवा दर चौदा दिवसांनी आणि शिवाय पाव इंच पाऊस पडल्यावर चोवीस तासांच्या आत करावी, असे त्यात आहे. जाळीपाशी साचलेला गाळ तिच्या निम्म्या उंचीपर्यंत येण्याआधी काढावा लागतो. तपासणाऱ्याने ठरलेले प्रशिक्षण घेऊन परीक्षा दिलेली असावी किंवा त्याच्याकडे तशा प्रकारचे वैध प्रमाणपत्र असावे, अशीही अट आहे. (पाव इंच म्हणजे जेमतेम सहा मिलिमीटर. जुलैमध्ये आपल्याकडे हा नियम लावला तर सुपरवायझरला साइटवरच मुक्काम ठोकावा लागेल.)

या नियमांचा तक्ता मराठीत करणे अवघड नाही, तो मी केलाही आहे. अडचण अशी आहे की तक्ता हातात आला की माणूस पाण्याकडे न पाहता तक्त्याकडे पाहू लागतो. शिवाय वर्ग घ्यायचा एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा साइटवर धुळीशिवाय काही नसते. कोरड्या जमिनीवर उभे राहून पाणी कुठून येईल आणि कुठे फुटेल, हे ओळखण्याची नजर कशी तयार करावी? कोणी असे प्रशिक्षण दिले किंवा घेतले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

मी पाणलोटाच्या कामांवर बरीच वर्षे होतो, इमारतींवर नव्हे, त्यामुळे जे लागू पडेल तेवढेच घ्यावे. तपासणी फाटकापासून सुरू करू नका. जिथून पाणी साइट सोडते त्या सर्वांत खालच्या जागी माणसाला उभे करा आणि तिथून उलटे वर चढायला लावा. पावसाची वाट पाहण्याचीही गरज नाही. एक टँकर मागवा, वरच्या कोपऱ्यात पाणी सोडा आणि प्रत्येकाला पाणी जाईल तिकडे चुन्याची फक्की टाकत चालायला सांगा. आणखी एक गोष्ट, जाळी उताराला आडवी, एकाच पातळीवर हवी, जशी आपण समतल चराची रेघ आखतो तशी. वाहत्या नाल्यात ती आडवी लावली तर पहिल्याच लोंढ्याला आडवी पडते. तिथे दगडांचा बांधच हवा. तुमच्या सुपरवायझरांपैकी जे शेतकऱ्यांच्या घरचे असतील, त्यांना हे तुमच्यापेक्षा आधी कळेल.

प्रतिसाद २

तळघराच्या खड्ड्यातले पाणी विसरू नका. पंप लावून ते थेट गटरात सोडतात आणि कोणाच्याही तक्त्यात त्याची नोंद नसते. ते पाणी काचेच्या बाटलीत भरून वर्गात टेबलावर ठेवा. रेती बघता बघता तळाशी बसते, पण चिकणमातीने आलेला गढूळपणा दुसऱ्या दिवशी सकाळीही तसाच असतो. गाळाचा खड्डा मोठा का हवा आणि मुळात माती सुटूच नये म्हणून उघडी जमीन झाकणे का महत्त्वाचे, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल टँकर मागवला होता. आम्ही जाळी लावली होती पूर्वेच्या कडेला, आणि पाणी निघाले डंपरच्या चाकोरीतून थेट फाटकाबाहेर. आराखड्यात ती चाकोरी कुठेच नाही, कारण ती डंपरनेच पाडलेली आहे. चौदाजण फक्कीच्या रेघेकडे पाहत उभे होते. त्यातला एकजण, जो वर्गात तोंड उघडत नाही, म्हणाला, "साहेब, हितं खडी टाकून उंचवटा केला तर पाणी आत वळंल." आज सकाळी तो उंचवटा केला. तक्त्यातला जाळीचा प्रश्नही बदलून 'जाळीची खालची कड हाताने ओढून पाहिली काय?' असा केला आहे. बाटलीही टेबलावर ठेवली आहे, ती अजून गढूळच आहे.

आता एकच प्रश्न उरतो. आमच्या निम्म्या साइटवर सुपरवायझरचा पगार ठेकेदार देतो. उघडा ढीग ताडपत्रीने झाकण्याचा खर्च ठेकेदाराचा आणि तो झाकलेला नाही असे लिहायचे त्याच्याच माणसाने, हे दोन पावसाळेसुद्धा टिकणार नाही असे मला वाटते. हा अहवाल ठेकेदाराला वगळून थेट मालकाकडे जाईल, अशी अट कोणी करारात घातली आहे का? असल्यास तिची शब्दरचना इथे द्यावी, ही विनंती.