मदत हवी आहे: फुगडी घालून नाचातले टर्न (गिरक्या) सुधारतात का? (जरा लवकर सांगा)

उंडो_पाव: नमस्कार मंडळी, पुढच्या रविवारी मडगावला मित्राचं लग्न आहे, बँड वगैरे सगळं, आणि मला नि बायकोला फ्लोअरवर उतरायचंय. क्लास लावलाय पण टर्न आला की गरगरतं आणि दोन टर्नांनंतर आम्ही भलतीकडेच. सासूबाई म्हणाल्या फुगडी घाला, चवथीला आम्ही रात्र रात्र घालायचो, कुणाला चक्कर आली नाही. म्हणून आता रोज संध्याकाळी सोफा सरकवून फुगडी चाललीय. याचा फायदा होतो का एवढंच सांगा. यूट्यूबच्या लिंका नकोत.

घुमटवाला: डान्स कुठला?

उंडो_पाव: अहो टर्नचं विचारतोय, डान्स कुठला त्याने काय फरक पडतो.

घुमटवाला: पडतो रे बाबा. जाइव्ह (हातात हात धरून नाचायचा तो) असेल तर फुगडी चालेल, हातातला ताण दोन्हीकडे लागतो. वॉल्ट्झ (जवळ धरून गिरक्या घेत जायचा तो) असेल तर विसर.

बायो_डिचोली: का विसर? आमच्या वाड्यावरच्या बायका साठीतसुद्धा गरागरा फिरतात. दादा, चवडे जुळवायचे, हातांची अढी घट्ट, कोपरं ताठ, आणि नजर समोरच्याच्या तोंडावरून हलवायची नाही. फरशीकडे बघितलं की मेलात. आणि तोंडाने पकवा (फुगडीतला तो फू-फू ताल) धरा, ताल आपोआप बसतो.

तीन_चार: इथेच तर गोची आहे. फुगडीत दोघं मागे रेलतात, एकाने हात सोडला तर दुसरा भिंतीवर. वॉल्ट्झमध्ये ज्याचं वजन त्याच्याच पायावर. आणि तोंडाकडे काय बघताय, बाई पुरुषाच्या उजव्या खांद्यावरून बाहेर बघते, नाहीतर फ्रेम, म्हणजे दोघांची धरण्याची ठेवण, मोडते. रेलायची सवय लागली तर क्लासमध्ये शिकवलेलंही जाईल.

बायो_डिचोली: तुम्ही कधी फुगडी घातलीय का? पुस्तकातलं सांगू नका.

तीन_चार: लहानपणी घातलीय, म्हणूनच सांगतोय.

सुशेगाद_काणकोण: फुगडीवरून आठवलं, धनगर बायकांची कळशी फुगडी कुणी पाहिलीय का? कळशीच्या तोंडावर फुंकत फिरतात. हल्लीच्या मुलींना बसफुगडीही येत नाही.

बायो_डिचोली: येते हो, आमच्याकडे येते. तुमच्याकडे नसेल येत.

साधी_फिजिओ: भांडण नंतर करा. आतल्या कानात अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यातलं पाणी आपण थांबलो तरी थोडा वेळ हलत राहतं, म्हणून गरगरतं. रोज थोडं थोडं फिरलं की मेंदूला सवय होते, तेवढ्यापुरतं सासूबाईंचं बरोबर आहे. पण दोन्ही दिशांना फिरा. आणि न फिरताही चक्कर येत असेल, कूस बदलताना वगैरे, तर आधी डॉक्टर. कुणाला येते, तुम्हाला की त्यांना? उजवीकडच्या टर्नला की डावीकडच्या?

कोपऱ्यातला: सोफ्याच्या पायांना खाली फेल्ट चिकटवा, रोज सरकवला तर फरशीवर चरे पडतात.

उंडो_पाव: हो हो वॉल्ट्झच, तोही फास्टवाला. चक्कर मला. बायकोला काहीच होत नाही, ती हसते. उजवीकडे गरगरत नाही पण आम्ही सरकत जातो, डावीकडे गरगरतं. फुगडी एकाच बाजूने घालतो, हात तसेच धरले जातात ना.

घुमटवाला: हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंस तर! फास्ट म्हणजे व्हिएनीज, मिनिटाला साठेक बार (एक बार म्हणजे तीन ठोके), सहा पावलांत पूर्ण गिरकी, त्यात हॉलभर घड्याळाच्या उलट दिशेने पुढेही जायचं असतं. रविवारपर्यंत उजवी गिरकी तेवढी पक्की कर, डावीचं नंतर बघू.

तीन_चार: सरकता कारण तू तिच्या भोवतीने पाऊल टाकत असशील. उजव्या टर्नला पुढे जाताना तुझा उजवा पाय तिच्या दोन पायांच्या मधे गेला पाहिजे. बाहेरून गेला की वर्तुळ मोठं होतं. आणि फुगडी घालायचीच असेल तर अगदी सावकाश घाला आणि मधेच हात सैल करा. जो मागे धडपडला तो दुसऱ्याच्या जिवावर उभा होता.

बायो_डिचोली: म्हणजे फुगडीच घालायला सांगितलीत की शेवटी.

तीन_चार: सावकाश म्हटलंय मी.

उंडो_पाव: हात सोडून बघितले. धडपडलो मीच. सासूबाईंना व्हिडिओ हवाय.

सुशेगाद_काणकोण: लग्नाला बँड कुठला आहे?