मदत हवी आहे: फिल्टर पेपरपासून कार्बन करताना वजन भलतंच घटतंय

प्रोजेक्टसाठी सेल्युलोजपासून सुपरकपॅसिटरच्या (पृष्ठभागावर विद्युतभार साठवणारं उपकरण) इलेक्ट्रोडचा कार्बन करायचाय. १० ग्रॅम फिल्टर पेपर झाकणाच्या मुशीत ठेवून, नायट्रोजनच्या प्रवाहात, मिनिटाला २० अंशांनी ५०० अंश सेल्सिअसपर्यंत नेला. हाती आला जेमतेम सव्वा ग्रॅम. सेल्युलोजच्या एका घटकाच्या १६२ वजनात ७२ कार्बन, म्हणजे ४४ टक्के. बाकीचा गेला कुठे? झाकणाला आतून तपकिरी चिकटा बसलाय. कागदाची घडी मात्र जशीच्या तशी आहे, नुसती आकसलीय. चिमटा लागला की भुगा. मल्टिमीटरवर ‘ओएल’ (रोध मोजण्यापलीकडे, म्हणजे वीज जवळपास वाहतच नाही). छिद्रं पाडून पृष्ठभाग वाढवायला थेट कॉस्टिक पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) भिजवू का?

उत्तर १
बाकीचा झाकणावरच आहे! ३०० अंशांच्या वर सेल्युलोजच्या साखळ्या तुटून लेव्होग्लुकोसान (साखरेच्या जातीचा छोटा रेणू) होतं, ते उडतं आणि थंड जागी डांबर होऊन बसतं. हळू गेलात तर त्याआधी पाणी निघून जातं, आडवे बंध जुळतात आणि कार्बन मागे राहतो. २०० ते ३५० हा टप्पा मिनिटाला १ अंशाने घ्या, २५० ला दोन तास थांबा. डायअमोनियम फॉस्फेटच्या पातळ द्रावणात भिजवून वाळवलात तर आणखी फरक पडेल (अमोनिया सुटतो, फ्यूम हूडखालीच करा). आणि ते ४४ विसरा. सगळा ऑक्सिजन पाणी होऊनच गेला तरच तो आकडा. २५ आला तरी पेढे वाटा. कागद आधी वाळवला होता का?

उत्तर २
५०० ला तो अजून कोळसाच, वीज कशी वाहणार? ७०० च्या पुढे रोध झपाट्याने पडतो; ८००-९०० ला तासभर ठेवा. ग्राफाइटची आशा नको. सेल्युलोज वितळत नाही, त्यामुळे थरांना सरळ रांगेत बसायला वावच मिळत नाही. स्फटिकशास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिन यांनी १९५१ मध्ये तापवल्यावर ग्राफाइट होणारा आणि न होणारा, असे कार्बनचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले होते. तुमच्या कामाला तसाही पृष्ठभाग हवा, ग्राफाइट नको.

पोटॅश कच्च्या कागदावर नको. आधी कार्बन करा, मग पोटॅश घालून ७००-८००. काचेची किंवा ॲल्युमिनाची मूस तो खातो, निकेलची घ्या. आत धातुरूप पोटॅशियम उरू शकतं, तेव्हा पूर्ण थंड होईपर्यंत नायट्रोजन बंद करू नका आणि घाईने पाणी ओतू नका.

धागाकर्ता
कागद वाळवला नव्हता, चूक माझी. आज वाळवून, २५० ला दोन तास थांबून केलं: २.१ ग्रॅम. झाकण अजून चिकटतंय, पण कमी. मल्टिमीटर अर्थातच ‘ओएल’. ८०० ची भट्टी सोमवारी मिळतेय, पोटॅश त्यानंतर.