'हुक नोंदवा आणि विसरा' हे कुणी, कशाच्या जोरावर म्हणायचं?

खटपट्या

परवा एकांनी लिहिलं, "इकिविकीत प्लगइन लिहिणं म्हणजे पोरखेळ. एक फंक्शन लिहा, हुक नोंदवा आणि विसरा, बाकीचं कंपाइलर बघतो." (इकिविकी म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलींपासून विकीची वेबपानं बनवणारा पर्लमधला प्रोग्रॅम, म्हणून त्याला कंपाइलर म्हणतात. हुक म्हणजे पान बनण्याच्या ठराविक टप्प्यावर आपलं फंक्शन बोलावलं जावं म्हणून केलेली नोंद.) दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. हा सल्ला ऐकून नवी माणसं खड्ड्यात पडतात. मी पडलोय.

आमच्या विकीत दोन प्लगइन होती, दोन्ही फिल्टर हुकवर, म्हणजे पानाचा कच्चा मजकूर हाती येतो त्या टप्प्यावर. एक लघुरूपं पूर्ण करायचं. दुसरं एका खुणेच्या जागी कोडची फाइल आणून ठेवायचं. कोड आधी येऊन बसला की मागून आलेलं लघुरूपवालं त्यातही घुसायचं आणि 'सीएफजी' नावाच्या व्हेरिएबलचं 'कॉन्फिगरेशन' होऊन बसायचं. क्रम उलटा झाला की सगळं ठीक. आणि हे एकाच सोर्सवर, एकाच मशीनवर, एका बिल्डला (पानं बनवण्याच्या फेरीला) बरोबर तर दुसऱ्याला चूक! आठवडाभर मी कॅशेला शिव्या घालत होतो.

कारण सापडलं ते असं. हुक एका हॅशमध्ये, म्हणजे किल्ली आणि मूल्य अशा जोड्यांच्या क्रम नसलेल्या साठ्यात, नोंदवले जातात. 'फर्स्ट' लावलेले पुढे, 'लास्ट' लावलेले मागे, आणि मधल्यांच्या क्रमाची हमी कुणीच देत नाही. आमच्याकडच्या आवृत्तीत हॅशच्या किल्ल्या निघतील तसे ते धावायचे, आणि २०१३ च्या पर्ल ५.१८ पासून तो क्रम दर रनला बदलू शकतो. माझं म्हणणं एवढंच की एका टप्प्यावर दोन प्लगइन असतील तर कोण आधी हे विकीच्या मालकाला सेटअप फाइलमध्ये लिहिता आलं पाहिजे. पॅनडॉकमध्ये (मजकूर एका स्वरूपातून दुसऱ्यात नेणारं साधन) फिल्टर कमांडवर ज्या क्रमाने द्याल त्याच क्रमाने चालतात. दहा वर्षांनी वाचणाऱ्यालाही ते कळतं.

सूत्रधार

खटपट्या, आठवडा वाया गेला याचं वाईट वाटलं, पण खापर चुकीच्या डोक्यावर फोडताय. तुमचं दुसरं प्लगइन फिल्टरवर असायलाच नको होतं.

टप्पे ठरलेले आहेत: फिल्टर, मग प्रीप्रोसेस (डिरेक्टिव्ह, म्हणजे पानात लिहिलेल्या खास आज्ञा, पाळणं), लिंकिफाय (लिंका बनवणं), एचटीएमएलाइझ (एचटीएमएल करणं), सॅनिटाइझ (घातक भाग गाळणं), आणि साच्यात बसवून झालं की फॉरमॅट. कुठली तरी फाइल पानात आणणं हे डिरेक्टिव्हचं काम, म्हणजे प्रीप्रोसेसचं. तिथे ठेवलं असतं तर लघुरूपवाल्या फिल्टरचं काम त्याआधीच आटोपलेलं असतं. ना फर्स्ट लागलं असतं, ना लास्ट.

आणि मालकाच्या हाती क्रम देण्याबद्दल. एचटीएमएलस्क्रबर (हे गाळायचं काम करणारं प्लगइन) सॅनिटाइझवर बसतो तो उगाच नाही. मार्कडाउनचं एचटीएमएल झाल्यावरच पाहुण्याने घुसडलेली स्क्रिप्ट पकडता येते. उद्या कुणी 'माझा चार्ट दिसत नाही' म्हणून स्क्रबर उचलून आधी ठेवला, तर विकी सताड उघडी पडेल. टप्पे कंपाइलरने बांधून दिलेत हे उपकार आहेत.

खटपट्या

फाइलचं काम प्रीप्रोसेसवर हवं होतं. बरं, मान्य. पण मी टप्पे हलवायला मागितलेत कुठे? पुन्हा वाचा. एकाच टप्प्याच्या *आत* काय होतं, हा प्रश्न आहे. दोन प्लगइननी 'लास्ट' लावलं तर शेवटचं कोण? दोन्ही लेखकांना वाटतं आपणच. 'फर्स्ट' आणि 'लास्ट' ठरवणार प्लगइनचा लेखक, ज्याला माझ्या विकीत आणखी काय चालतं हे ठाऊक नाही. आणि ज्याला ठाऊक आहे त्या मालकाच्या हातात काहीच नाही!

नीलमोहर

क्रमाइतकाच लोकांना छळणारा दुसरा मुद्दा कुणी काढतच नाही: पानं दोनदा वाचली जातात.

मी एक डिरेक्टिव्ह लिहिलं होतं. माणसाचं नाव दिलं की त्याच्या पानाची लिंक बनायची. पानावर लिंक दिसायची, टिचकी मारली की उघडायची, पण त्या माणसाच्या पानाखाली बॅकलिंक्सच्या (त्या पानाकडे येणाऱ्या लिंकांच्या) यादीत आमचं पान काही येईना. तीन संध्याकाळी गेल्या. मग उलगडलं. कंपाइलर आधी बदललेली सगळी पानं नुसती चाळतो आणि कोण कुणाला जोडलंय ते टिपून घेतो. पानं रंगवायला (रेंडर करायला, म्हणजे प्रत्यक्ष बनवायला) घेतो ती त्यानंतर. माझं प्लगइन लिंक सांगत होतं ती रंगवताना, म्हणजे वरात निघून गेल्यावर. हुक नोंदवताना 'स्कॅन' चालू केलं आणि प्रश्न मिटला. त्या चाळणीच्या फेरीत फंक्शनला व्हॉइड कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे उत्तराची अपेक्षा न ठेवता, बोलावतात, त्यामुळे एचटीएमएल बनवायचे कष्टही टाळता येतात. मला ही रचना सुंदर वाटते. पण 'विसरा' म्हणणाऱ्याने ती स्वतः वापरून पाहिलेली नसणार.

बाह्यवर्ती

तुम्ही सगळे पर्लवाले आहात म्हणून ही चैन. मी पायथनमध्ये एक्स्टर्नल प्लगइन (वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालणारं) लिहितो. तिथे कंपाइलरशी सगळं बोलणं एक्सएमएल-आरपीसी या निरोपांच्या ठरलेल्या पद्धतीने, स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून. डिबगसाठी मी एक साधं प्रिंट टाकलं, तर ते शब्द थेट संभाषणातच मिसळले आणि बिल्ड आडवा! डिबगचं सगळं स्टँडर्ड एररवर पाठवा, एवढं एक वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझा रविवार वाचला असता.

वेलांटी

क्रमाचं तुमचं चालू द्या, पण हुकचे गोडवे गाताय म्हणून विचारते. 'माहिती' नावाची फाइल ठेवली, पान तयार झालं. 'प्रश्न' नावाची ठेवली, ती गायब. टर्मिनलवर नुसतं 'स्किपिंग बॅड फाइलनेम'. माझ्या भाषेतल्या शब्दाला 'बॅड' म्हणणारा हा कंपाइलर कोण? ब्राउझरमधून तेच पान बनवलं तर बनतं, पण गिटमध्ये फाइलचं नाव 'प\_\_२३८१\_\_रश\_\_२३८१\_\_न' असं पडतं. हे सुधारायला कुठला हुक आहे?

सूत्रधार

त्याला हुक नाही आणि गरजही नाही. ती सेटिंगची गोष्ट आहे.

वेलांटी

'गरज नाही' हे तुम्ही ठरवणार? माझ्या शंभरेक पानांपैकी निम्म्यांच्या नावात जोडाक्षर आहे. जोडाक्षराशिवाय मराठी लिहून दाखवा, मग गरजेचं बोलू.

नीलमोहर

वेलांटीताई, राग रास्त आहे. मी कोड उघडून पाहिला. फाइलच्या नावात कोणती अक्षरं चालतील ते 'विकी फाइल कॅर्स' या सेटिंगमध्ये असतं, आणि मुळात तिथे पर्लचा 'अलनम' (अक्षरं आणि अंक) वर्ग दिलेला आहे. युनिकोडच्या हिशेबात क, म ही अक्षरं आहेतच, काना-मात्रा-वेलांटीही 'अल्फाबेटिक' धरल्या जातात. म्हणून 'माहिती' सुटली. पण पाय मोडायचं चिन्ह त्यात धरत नाहीत. त्याचा दशमान क्रमांक २३८१, तोच तुमच्या फाइलच्या नावात दोनदा आलाय, कारण 'प्रश्न' मध्ये दोन जोडाक्षरं आहेत. नुक्ताही असाच बाहेर राहतो.

बाह्यवर्ती

म्हणजे ब्राउझरमधून आलेलं नाव क्रमांकात बदलून घेतो आणि हाताने ठेवलेली तीच फाइल नाकारतो? एकाच नावाला दोन न्याय?

सूत्रधार

दोन न्याय नाहीत. ब्राउझरचं नाव कुणा परक्याकडून येतं, ते सुरक्षित करून डिस्कवर लिहावंच लागतं. डिस्कवरची फाइल मात्र मालकाची, तिचं नाव परस्पर बदलणं हा आगाऊपणा झाला असता.

वेलांटी

नाव बदलू नका, पण बिल्ड तरी थांबवा! फाइल वगळून 'काम फत्ते' सांगणारा कंपाइलर मला चालत नाही. सहा दिवस ते पान नव्हतं आणि मला पत्ता नाही. एक ओळ इशारा, तीही दोनशे ओळींच्या आउटपुटमध्ये.

खटपट्या

शंभर टक्के सहमत. माझंही रडगाणं हेच आहे. कंपाइलरला कळतं की काहीतरी संदिग्ध आहे, तरी तो पुढे रेटतो.

सूत्रधार

खटपट्या, प्रत्येक गोष्ट आपल्या गाडीला जुंपू नका. नावाचा आणि हुकच्या क्रमाचा काडीचा संबंध नाही. तुम्हाला सगळं आयतं लिहून हवंय आणि तीनशे ओळी वाचायचा कंटाळा आहे, हे खरं दुखणं.

खटपट्या

कंटाळा? आठवडाभर तोच कोड वाचत होतो मी! ज्याला मुळीच वाचायचा नाही त्यालाही विकी चालवता यावी म्हणून तर प्लगइन असतात.

नीलमोहर

दोघेही जरा दमाने घ्या. सूत्रधार, तुमचा टप्प्यांचा मुद्दा बिनतोड आहे, पण एका टप्प्यातल्या क्रमाबद्दल तुम्ही अजून एक अक्षर बोलला नाहीत.

सूत्रधार

बोलतो. माझ्या विकीत एका टप्प्यावर भांडणारी दोन प्लगइन कधी आली नाहीत, म्हणून मला ते कधी टोचलं नाही. मधल्यांच्या क्रमाची हमी नाही हे खरं आहे, आणि ती असायला हवी होती. एवढं मान्य. मालकाने यादी लिहावी हे अजूनही मान्य नाही. प्लगइन वाढली की ती यादीच शिळी होते.

खटपट्या

यादी नको तर नको. काल रात्री बसून दुसरा मार्ग केला. 'चेककॉन्फिग' हुक सगळी प्लगइन चढून झाल्यावर धावतो, म्हणजे तोवर हुकचा हॅश पूर्ण भरलेला असतो. माझं नवं प्लगइन तिथे फिल्टर, सॅनिटाइझ आणि फॉरमॅट हे तीन टप्पे तपासतं. एका टप्प्यावर फर्स्ट-लास्ट न लावलेले दोन हुक दिसले, किंवा दोघांनी लास्ट लावलेलं दिसलं, आणि ती जोडी मी सेटअपमध्ये 'चालेल' म्हणून नोंदवलेली नसली, तर नावं सांगून बिल्ड थांबतो. पर्लच्या चोवीस ओळी. पहिल्याच रनला फॉरमॅटवर टीओसी (अनुक्रमणिका बनवणारं प्लगइन) आणि आमचं तळटीपवालं प्लगइन अशी जोडी सापडली. टीओसी मथळे गोळा करतं ते पूर्ण झालेल्या एचटीएमएलवरून, आणि तळटीपवालं स्वतःचा मथळा घालतं. अनुक्रमणिकेत 'तळटीपा' कधी दिसायचं, कधी नाही, आणि वर्षभर आम्हाला वाटायचं की ब्राउझरच जुनं पान दाखवतोय.

सूत्रधार

ही जोडी माझ्या लक्षात आली नसती. चोवीस ओळी पाठवा, माझ्याही विकीवर चालवतो.

वेलांटी

सेटिंगमध्ये 'मार्क' (अक्षराला जोडून येणारी चिन्हं) वर्गाची भर घालून रिबिल्ड केलं. 'प्रश्न' आलं, 'मुखपृष्ठ' आलं. क्रमांकवाल्या जुन्या फाइली गिटमध्ये हाताने नाव बदलून घ्याव्या लागल्या, नाहीतर ती वेगळीच पानं ठरत होती. तीन फाइली अजून वगळल्या जातात, तिन्हींच्या नावात 'ऱ्य' आहे. जुन्या कीबोर्डवर टाइप केलेली नावं आहेत, 'र' ला पाय मोडून मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घातलेलं, आणि ते 'मार्क' मध्येही मोडत नाही. खटपट्या, तुमच्या त्या प्लगइनमध्ये वगळलेल्या फाइलीवरही बिल्ड थांबवता येईल का?

खटपट्या

चेककॉन्फिग धावतो तेव्हा फाइली शोधलेल्याच नसतात, त्यामुळे तिथून नाही. 'नीड्सबिल्ड' या हुकला बनवायच्या फाइलींची जी यादी मिळते तिच्यातून वगळलेल्या आधीच गेलेल्या असतात. मला स्वतःच डिरेक्टरी चालून दोन्हीकडची नावं ताडावी लागतील. त्या तीन फाइलींची नावं जशीच्या तशी पाठवा, त्यांच्यावरच करून बघतो.