पदपथाचे काम नऊ महिने रखडले आहे. तोवर पायी चालणाऱ्यांनी जायचे कोठून?

प्रश्न

नमस्कार. आमच्या उपनगरातील मुख्य रस्त्यावर पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी पदपथ रुंद करण्याचे काम गेल्या दिवाळीनंतर सुरू झाले. फलकावर सहा महिन्यांची मुदत लिहिली होती. ती उलटून तीन महिने झाले, तरी जेमतेम निम्म्या लांबीत पेव्हर ब्लॉक बसले आहेत. जुना पदपथ मात्र पहिल्याच आठवड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत उखडून टाकला होता. बसथांबाही त्यात गेल्यामुळे बस रस्त्याच्या मधोमध उभी राहते आणि तिच्यामागे थेट चौकापर्यंत वाहनांची रांग लागते.

कोंडी मी सहन करीन. काल सकाळी औषधांच्या दुकानासमोर जे पाहिले, ते मात्र सहन होत नाही. पावसाच्या पाण्याने भरलेल्या चरावर एक फळी टाकलेली आहे. तिच्यावरून एक आजी दुकानदाराचा हात धरून पलीकडे गेल्या, आणि त्याच वेळी शाळेची दोन मुले चर टाळण्यासाठी रस्त्यावर उतरून बसच्या चाकाजवळून चालत गेली. पदपथ हवाच आहे, त्याला माझा विरोध नाही. परंतु काम चालू असताना पादचाऱ्यांसाठी तात्पुरती वाट ठेवणे ठेकेदारावर बंधनकारक नसते का? आणि इतका उशीर नेमका कशामुळे होतो?

उत्तर १ (निवृत्त स्थापत्य अभियंता)

आधी उशिराबद्दल लिहितो. पदपथ वरून साधा दिसतो, पण त्याच्या पोटात जलवाहिनी, वीजकेबल, दूरध्वनीच्या तारा, गॅसची नळी आणि पावसाळी गटार असे सगळे असते, आणि त्याचा विश्वासार्ह नकाशा बहुधा कोणाकडेच नसतो. जेसीबीच्या दातात केबल आली की काम थांबते. मग ती हलवायची कोणी आणि खर्च कोणी सोसायचा, यावर दोन खात्यांमध्ये पत्रव्यवहार सुरू होतो. म्हणून खोदाईपूर्वी ठरावीक अंतरावर हाताने चाचणी खड्डे घेऊन वाहिन्यांची जागा नक्की करावी लागते. तेवढे दिवस वाचवायला गेले की पुढे महिने जातात, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे.

आपल्या रस्त्यावरची मोठी चूक मला वेगळी वाटते, आणि ती म्हणजे संपूर्ण लांबी एकदम उखडणे. शंभर-दीडशे मीटरचा एक टप्पा खोदावा, चेंबरची झाकणे नव्या पातळीला आणावीत, कर्बचे (पदपथाच्या कडेचे) दगड बसवावेत, तो भाग चालण्यासाठी खुला करावा आणि मगच पुढच्या टप्प्याला हात लावावा. असे केले असते, तर वाहिन्यांचा घोळ झाला तरी लोकांची वाट एका टप्प्यापुरतीच अडली असती.

तात्पुरत्या वाटेबद्दल सांगायचे, तर रस्त्यावरील कामांच्या काळातील वाहतूक व्यवस्थेसाठी इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेची ‘एसपी ५५’ ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत. आगाऊ सूचनाफलक, वाहने हळूहळू वळवण्याची जागा, कठडे आणि पादचाऱ्यांची सुरक्षित ये-जा यांचा विचार त्यांत केलेला आहे. निविदेत त्यांचा उल्लेख असेल, तर ती व्यवस्था ठेकेदाराला करावीच लागते.

उत्तर २

वरील उत्तराला जोडून लिहिते. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार दहा रुपये शुल्क भरून कार्यादेश, मुदतवाढीचे आदेश, मंजूर वाहतूक आराखडा आणि दंड आकारला असल्यास त्याचा तपशील मागावा. उत्तरासाठी साधारणपणे तीस दिवसांची मुदत असते. याच कायद्यात प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचाही हक्क आहे आणि तो फारच थोडे लोक वापरतात. पाहणीला जाताना मोजपट्टी न्या. याच संस्थेच्या ‘आयआरसी १०३’ या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पदपथाची अडथळाविरहित रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि कर्बची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. काम अर्धे आहे तोवरच हे तपासलेले बरे; एकदा डीपी (विजेच्या पेट्या) आणि खांब रुंदीच्या मधोमध उभे राहिले की ते कोणी हलवत नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८ अ आले. रस्त्याच्या रचनेचे, बांधणीचे किंवा देखभालीचे विहित सुरक्षा निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला अथवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार अर्जात त्याचा उल्लेख जरूर करावा.

उत्तर ३

आमचे दुकान अशाच एका रस्त्यावर आहे. गिऱ्हाईक तुटले तेव्हा आम्हीही कामाला विरोध केला होता, आणि आज तो चुकीचा वाटतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होती. त्यामुळे उशिराला कंटाळून ‘पदपथच नको, रस्ता पूर्ववत करा’ अशी मागणी कृपया कोणी करू नये. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर रुंद केलेल्या पदपथावर आज म्हातारी माणसे बाकांवर निवांत बसलेली दिसतात. तेथे एकदा जाऊन पाहावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी देतो. त्याआधी प्रभाग कार्यालयात एका पानाचे निवेदन नेणार आहे. त्यात दोनच मागण्या आहेत: औषधांच्या दुकानासमोरचा चर या आठवड्यात बुजवावा, आणि बसथांब्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत कठडे लावून पायवाट आखून द्यावी. सह्यांसाठी शनिवारी सकाळी शाळेजवळ उभा राहीन. उत्तर १ मधील काकांना विनंती की, टप्प्याटप्प्याने काम करण्याचा मुद्दा निवेदनात कसा मांडावा, त्याच्या चार ओळी लिहून द्याल का?