मंडईतल्या फोटोत आडवे काळपट पट्टे

कवडसा: संध्याकाळी भाजीचे गाळे टिपलेत. एलईडी दिवे, इलेक्ट्रॉनिक शटर १/५०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १६००. मेथीच्या जुड्यांवर आडवे पट्टे दिसतायत आणि दर फोटोत जागा बदलतायत. सेन्सर गेला का?

तिरपं_ऊन: सेन्सर ठणठणीत आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. ज्या ओळी मंद क्षणी सापडल्या, तिथे पट्टा. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीला पूर्ण आवर्तनाचा उजेड मिळतो. १/१०० ला उजेड पाचपट, तेव्हा आयएसओ ३२० वर आणा. फोटोतले दाणेही (बारीक ठिपक्यांची खरखर) कमी दिसतील, हा वरचा फायदा.

कवडसा: पण १/१०० ला भाजीवाल्या मावशींचा हात हलतो.

तिरपं_ऊन: थोडा हलू द्या की! नाहीतर पारडं स्थिरावेपर्यंत थांबा. वेग हवाच असेल तर मेकॅनिकल शटर (खरा पडदा सरकणारं) लावा आणि मेनूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. कॅमेरा प्रखर क्षण गाठून शटर सोडतो. मोबाइलवर प्रो मोडमध्ये १/१०० पुरे.

रॉफाइल: तिसऱ्या फोटोतले टोमॅटो बघा, बल्बखाली लाल रंग पार सपाट झालाय. फोटो काढताना एक्सपोजर (फोटोचा एकूण उजेड) -०.७ करून घ्या. काढलेल्या फोटोंतले पट्टे एडिटिंग अ‍ॅपमधल्या ब्रशने +०.३ पर्यंत उजळून फिके होतील, पुरते जाणार नाहीत.